चालती नावे

हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ची (१९५९) श्रेयनामावली आपण बोलपट सुरू होण्याची वाट पाहत बघतो, माझ्या मते बोलपट तेथेच सुरू झालेला असतो. हिरव्या पडद्यावर तिरप्या रेघांची जाळी उमटते. सॉल बासने मांडलेली नावे तिच्यावरून उद्वाहकासारखी वरखाली सरकतात, थांबतात, वाचून होताच निघतात. शब्द कोठेही फुटत नाही. मग जाळीची काचेची इमारत होते, काचेत मोटारींची वर्दळ दिसू लागते, आणि आतापर्यंतची नावेही त्याच गर्दीतली होती असे वाटते. (त्याच गर्दीत हिचकॉकसाहेबांची बसही चुकते!)

आता ही करामत संगणकावर घरबसल्या होते. ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये अक्षर, शब्द की ओळ, एकत्र काय हलवायचे ते निवडता येते. आपल्याकडे हौस एकेक अक्षर उडवण्याची. ‘दिवाळी’तला दि आधी येतो, मग वा, शेवटी ळी; वाचणारा जुळवाजुळव करतो तोवर शब्द मावळलेलाही असतो. रोमन अक्षरे मुळात सुटी, त्यांना हे खपते. आपल्या लिपीत शिरोरेषेने शब्द आधीच एका दोरीत ओवलेला आहे. ती दोरी तोडून काय साधले, ते मला अद्याप कोणत्याही शीर्षकात दिसलेले नाही.