‘वावटळ’ आणि शांततेची जबाबदारी : एक पुनर्वाचन

30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांची घरे पेटली. या ‘जळिता’वरील साहित्यकृती म्हणून व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘वावटळ’ (1964) या कादंबरीचा उल्लेख नेहमी होतो. ती सहसा एका समाजाच्या स्थलांतराची कहाणी म्हणून वाचली जाते. प्रस्तुत लेखात ती वेगळ्या प्रश्नासाठी वाचावयाची आहे : आग विझल्यावर गाव पुन्हा नांदते करण्याची जबाबदारी कोणाची, आणि राजकीय नेतृत्वाने ती कितपत ओळखली?

पुण्याहून माणदेशातील आपल्या गावाकडे निघालेले तरुण, वाटेवर दिसणारी जळकी घरे, घरच्यांची काळजी आणि अखेरीस गावाशी तुटलेले नाते, एवढाच कथेचा पैस आहे. लेखक कोठेही आवाज चढवीत नाही. हे त्याचे मोठे बळ. परंतु शीर्षकाविषयी एक शंका नोंदवावीशी वाटते. वावटळीला कर्ता नसतो. ती कोठून तरी उठते, धूळ उडविते आणि निघून जाते. तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. राजकीय भाषेतील ‘जनक्षोभ’ आणि ‘उद्रेक’ हे शब्द हेच काम करतात. पीडिताने स्वतःच्या दुःखाला दिलेली प्रतिमा आणि सत्ताधाऱ्याला सोयीची प्रतिमा येथे एकच व्हावी, ही गोष्ट टीकाकाराने नजरेआड करू नये. कादंबरीतील माणसे मात्र या प्रतिमेत मावत नाहीत. जाळणारे हात माणसांचेच आहेत.

या हिंसेच्या वेळी सत्ता कोणाच्या हाती होती, हे पाहिल्यास कादंबरीतील पोकळी अधिक स्पष्ट होते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पंतप्रधान आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. पण माडगूळकरांचे माडगूळ औंध संस्थानात होते, तर भोर आणि वेल्हे (ज्या तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे) पंतसचिवांच्या भोर संस्थानात. ही संस्थाने 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. म्हणजे हत्येनंतरचे पाच आठवडे जुना राजा जाणारा आणि नवे सरकार यावयाचे, अशा संधिकालातले होते. औंधाची गोष्ट तर अधिक बोचरी आहे. तेथे 1939 मध्ये गांधीजींच्याच सल्ल्याने ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना अमलात आली होती.

नेतृत्वाची उणीव दाखविण्यास दूरचे मापदंड नकोत. 1947 च्या सप्टेंबरात कलकत्त्यात आणि 1948 च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींनी उपोषण सोडले, ते विविध समाजांच्या पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यावरच. शांतता ही पोलिसांनी राखावयाची स्थिती नसून पुढाऱ्यांनी आपल्या नावानिशी घ्यावयाचे दायित्व आहे, हा त्या सह्यांचा अर्थ. बारा दिवसांनी त्यांचीच हत्या झाली, तेव्हा अशी हमी गावोगाव मागणे आवश्यक होते. साने गुरुजींनी 21 दिवसांचे उपोषण केले. ते आत्मशुद्धीचे होते आणि सत्तेबाहेरच्या माणसाचे होते. खेड्यात ज्यांचा शब्द पोलीसपाटलाच्या वर चालत असे, ते ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले नेते. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्याचे नाव लावणारे केशवराव जेधे त्यांत अग्रणी होते. नेमक्या 1947–48 मध्ये हे नेतृत्व काँग्रेसपासून दुरावून शेतकरी कामगार पक्षाच्या उभारणीत गुंतले होते. येथे व्यक्तींवर दोषारोप करावयाचा नाही. प्रश्न राजकीय अग्रक्रमाचा आहे.

कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सावकारी, वतने, कुळांची कोंडी, अनेक दशकांचा मानभंग ही रागामागची कारणे तिच्या दृष्टिकोनाच्या कडेला राहतात. निवेदक पोळलेल्या घरातला असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. तथापि वाचकाने तेवढ्यावर थांबू नये. त्याच वर्षी मुंबई कुळकायदा आला. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणारा हा कायदा न्याय्यच होता. मात्र जळितानंतर शहरात गेलेल्यांचे गावाशी उरलेले नाते जमिनीपुरतेच होते आणि तेही सुटू लागले. सामाजिक न्याय आणि परतीची हमी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलणारा नेता लाभला असता, तर त्यांत विरोध दिसला नसता, असे मला वाटते.

मॉरीन पॅटरसन यांनी 1988 मधील आपल्या लेखात या घटनांच्या सरकारी कागदपत्रांपर्यंत पोहोचणे किती कठीण होते, हे नमूद केले आहे. मुंबईतील 1992–93 च्या दंगलींबाबत निदान श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये विधिमंडळासमोर आला. त्याच्या शिफारशींचे काय झाले, हा भाग निराळा. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील खेड्यांच्या वाट्याला इतकी चर्चा आली नाही. त्यामुळे ‘वावटळ’वर साक्षीचा भार पडला, जो मुळात कादंबरीने वाहावयाचा नव्हता. वर्गात ती शिकविताना 1948 चे विलीनीकरण आणि कुळकायदा यांचे पाठ शेजारी ठेवले, तर इतिहासाच्या आणि मराठीच्या अध्यापकांना एकमेकांच्या तासाला बसावे लागेल.