बटणांच्या फोनातला ब्राउझर

संकेतस्थळे ज्या भाषांत लिहिली जातात त्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट आता ब्राउझरची चौकट ओलांडून थेट ॲप घडवू लागल्या आहेत. या विषयावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात पुण्या-बंगळुरातल्या कंपन्यांची सोय तेवढी मोजलेली असते. तलवाड्यासारख्या गावात हे स्थित्यंतर २०१७ मध्येच दीड हजार रुपयांच्या अनामत रकमेवर येऊन पोहोचले होते. त्याचे नाव जिओफोन.

या फोनाची कार्यप्रणाली कायओएस, आणि तिचे मूळ मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये. खाली लिनक्स, त्यावर गेको हे फायरफॉक्सचे इंजिन आणि त्याच्यावर सगळी वेबपानेच. नंबर फिरवायचा पडदा, एसएमएस, गजर, सारे याच तीन भाषांत लिहिलेले. २०१४ मध्ये इंटेक्सने दोन हजारांच्या आत फायरफॉक्सचा फोन भारतात विकून पाहिला होता. तो चालला नाही, आणि मोझिलाने पुढे फोनाचा नादच सोडला. तीच कल्पना टचस्क्रीन काढून, बटणे लावून कायओएसने उचलली. ५१२ एमबी रॅममध्ये ती चालली, हे मला या साऱ्या प्रकरणातले खरे कर्तृत्व वाटते.

शहरातल्या संगणकावर हेच तंत्र नेमके उलटे वागते. गिटहबने २०१३ मध्ये आपल्या ॲटम संपादकासाठी जे साधन केले, ते पुढे इलेक्ट्रॉन म्हणून ओळखले गेले. त्यावर बांधलेला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याबरोबर क्रोमियमचे संपूर्ण इंजिन बाळगतो. तीन प्रोग्रॅम उघडले की तीन ब्राउझर. एकदा लिहिले की विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते, म्हणून प्रोग्रॅमरचे श्रम वाचतात. त्या बचतीचे बिल वापरणाऱ्याच्या रॅमवर फाडले जाते. जुना संगणक असलेल्या शाळेने ते का भरावे, हा प्रश्न कौतुकाच्या लेखांत येत नाही.

वेबचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत होते. पत्ता ठाऊक असला की पान उघडते, मध्ये कोणाची परवानगी लागत नाही. ॲप झाल्यावर भाषा वेबची राहिली, दार मात्र दुकानदाराचे झाले. जिओफोनवर काय उतरवता येईल ते जिओचे स्टोअर ठरवी. व्हॉट्सॲप तिथे २०१८ मध्ये आले. उचल घेऊन कारखान्याच्या फडावर गेलेल्या जोडप्याला गावी राहिलेल्या लेकरांचा आवाजी संदेश ऐकता यावा, एवढ्यासाठीही हा फोन पुरेसा होता. २०२५ च्या सुरुवातीला कायओएसवरचे व्हॉट्सॲप बंद झाले. फोन धडधाकट, बॅटरी शाबूत, आणि ज्यासाठी घेतला तेच नाही. ब्राउझर होता, पण त्यातले गेको ४८ क्रमांकाचे, २०१६ सालचे. पाने पुढे सरकत गेली, इंजिन तिथेच थांबले. वेबवर बांधलेली वस्तू कधी जुनी होत नाही, या बोलण्याला एवढे एक उदाहरण पुरे.

साहित्याच्या वाचकाला जवळची अशी एक बाजू अजून आहे. ब्राउझरचे इंजिन ॲपमध्ये आले तसे त्याचे देवनागरी जुळवण्याचे कसबही आले. श्रीलिपीसारख्या संचांत अडकलेला मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना ज्यांनी दिवाळी अंकांची मुद्रिते तपासली आहेत, त्यांना याची किंमत कळेल. पण मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आपोआप येत नाहीत. फाँटमध्ये ती रूपे असावी लागतात आणि पानाच्या सुरुवातीला मजकूर मराठी असल्याची ‘एमआर’ ही दोन अक्षरी खूण असावी लागते. नसेल तर बहुतेक फाँट हिंदीचा दंडयुक्त ‘ल’ पुढे करतात. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठी रूपे ठरवून दिली आहेत. ॲप लिहिणाऱ्याने ती खूण घातली आहे की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. मराठी ॲप म्हणून जे हाती येते त्यातला ‘ल’ एकदा डोळे बारीक करून पाहावा.