कारावाज्जोचा संत मॅथ्यू : दोन पाठ

रोम येथील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमधील कॉन्तारेल्ली प्रार्थनागृहाच्या वेदीवर कारावाज्जोनें १६०२ सालीं रंगविलेला संत मॅथ्यू आहे, तो दुसरा पाठ होय. पहिला बर्लिन येथें १९४५ सालच्या आगींत नष्ट झाला. आतां कृष्णधवल छायाचित्रांवरूनच पाठनिर्णय करणें प्राप्त आहे.

पहिल्यांत मॅथ्यू उघड्या पिंडऱ्यांचा, पायावर पाय टाकून बसलेला रांगडा शेतकरी दिसतो आणि देवदूत त्याचा हात धरून हिब्रू अक्षरें गिरवून घेतो. कोणी या बैठकींत राफाएलच्या ज्युपिटरची छाया पाहतात. आम्हांस ब्रेशियाच्या सावोल्दोचें ऋण अधिक निकटचें वाटतें. त्याचाही मॅथ्यू अंधारांत, दिव्याच्या उजेडीं, देवदूताचें ऐकत लिहितो.

लोकांसमोर आलेले पाय धर्माधिकाऱ्यांस रुचले नाहींत, असें बेलोरी सांगतो. परंतु त्याचा ग्रंथ १६७२ चा, म्हणजे सत्तर वर्षांनंतरचा. उत्तरकालीन बखर वाचतांना जी सावधगिरी बाळगावी तीच येथेंही हवी. आमच्या मतें अनौचित्य पायांत नसून हातांत आहे. मॅथ्यू पूर्वाश्रमींचा जकातदार. त्यास अक्षरओळख नव्हती हें कसें मानावें? दुसऱ्या पाठांत तो स्वतः लिहितो, देवदूत वरून बोटें मोजीत येशूची वंशावळ सांगतो. पाठ शुद्ध झाला खरा. तरीही आपल्याच हातून उमटणाऱ्या अक्षरांकडे डोळे विस्फारून पाहणारा तो पहिला म्हातारा आम्हांस अधिक प्रिय आहे.