भाग नऊ, तलवाड्यातून वाचताना

राज्यघटनेचा पाचवा भाग केंद्राचा. तो राष्ट्रपतींपासून सुरू होतो. सहावा राज्यांचा, तिथे व्याख्या आटोपली की राज्यपाल येतात. नववा भाग पंचायतींचा. तिथे मात्र व्याख्येनंतर लगेच, २४३क मध्ये, ग्रामसभा येते आणि पंचायत तिच्यामागून, २४३ख मध्ये. हा क्रम मला या भागातलं सगळ्यात देखणं लेखन वाटतं. दिल्ली-मुंबईची मांडणी पदापासून सुरू होते, गावाची मतदारापासून.

त्वरितादेवीचं तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं गाव. इथला मतदार लोकसभेला बीडसाठी, विधानसभेला गेवराईसाठी मत देतो. शिवाय जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत सदस्य आणि थेट सरपंच. या प्रत्येक मताने मतदार आपल्या वतीने कुणाला तरी पाठवतो. ग्रामसभेत तो स्वतःच सदस्य असतो. गावच्या मतदार यादीत नाव असलं की झालं; ना तिकीट, ना अनामत, ना पाच वर्षांची मुदत.

हे सहज मिळालेलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत खेड्याच्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कडक टीका केली. त्याच महिन्याच्या २२ तारखेला के. संथानम यांची ग्रामपंचायतींची दुरुस्ती आंबेडकरांनी स्वीकारलीही. तोच आजचा अनुच्छेद ४०, कोर्टात दाद मागता न येणारा. पंचायतींना घटनेचं पक्कं बळ मिळायला ७३वी घटनादुरुस्ती लागली. ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. २४३घ मधलं अनुसूचित जाती-जमातींचं आणि महिलांचं आरक्षण वाचताना मला आंबेडकरांची ती टीकाच आठवते. तिला दिलेलं हे उशिराचं, पण खरं उत्तर आहे.

पुढे सूर बदलतो. २४३ङ बजावतो, की मुदत पाच वर्षांचीच आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. २४३छ मात्र अधिकार द्यायचं राज्याच्या मर्जीवर सोडतो. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय त्या मर्जीची वाट पाहत राहतात. ग्रामसभेचे अधिकारही राज्याच्याच कायद्यावर. खुर्चीबाबत इतका ठाम असलेला मजकूर अधिकाराबाबत असा ढिला पडावा, हे मला खुपतं.

महाराष्ट्राच्या कायद्याने काही जागा नीट भरल्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा हवी. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांत जे कमी ते. पण बीड जिल्ह्याचं वर्ष ऊसतोडीवर चालतं. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा नवरा-बायको दोघंही फडात मोळ्या बांधत असतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. मूठभरांनी केलेला ठराव सगळ्या गावाचा ठरतो.

कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं परततात. १ मेची सभा त्यांच्या हाताशी असते. तिला जावं, बायकांनी आपल्या सभेला आधी जावं, जानेवारीचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावावं, आणि ऐकल्यावरच हजेरीवहीत सही करावी.