नऊ एकांचा वर्ग

12345678987654321. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली यायचं, की ही सतरा अंकी संख्या पाठ झाली. डोळ्यांना सुखावणारी आहेच. पण अंक असे ओळीने कुणीही लिहील. 111111111 ला त्यानेच गुणलं की ही संख्या आपसूक समोर येते, आणि तिची खरी गोडी त्या गुणाकारात आहे.

तो कागदावर मांडावाच. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत तेच नऊ एके, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता बेरीज. अगदी उजव्या घरात एकच एका, शेजारच्या घरात दोन, मग तीन. मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी भेटतात आणि तिथून पुढे वरची एकेक ओळ संपत जाते. म्हणजे या संख्येतला प्रत्येक अंक ही त्या घरातल्या एक्यांची मोजदाद आहे. पूर्ण बेरजेत हातचा एकदाही येत नाही. तिच्या सगळ्या गुणांचं मूळ मला इथेच दिसतं.

हातचा नाही म्हणून एकही एका हरवत नाही. नऊ ओळींत नऊ-नऊ, एकूण 81. अंकांची बेरीजही 81. आणि गंमत अशी, की 81 ने या संख्येला पूर्ण भाग जातो, कारण 111111111 म्हणजे 9 गुणिले 12345679. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी अशा एक्यांच्या वर्गांचाही अभ्यास केला. ती कल्पना त्यांना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर सुचली, म्हणून त्या डेम्लो संख्या. सगळ्याच डेम्लो संख्या हर्षद नसतात: 121 ची अंकबेरीज 4, भाग जात नाही. नऊ एक्यांपर्यंतच्या वर्गांत हा मान फक्त 1, 12321 आणि आपल्या संख्येला मिळतो.

आता दहावा एका जोडून बघा. मधल्या घरात दहा एके जमतात. शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या नवाचे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठावर पडतो आणि आठाचे नऊ होतात. उत्तर येतं 1234567900987654321. चढणीवरचा आठ गेला. 12345679 मध्येही आठ नाही, तोही अशाच हातच्याने गिळलेला: 1 ला 81 ने भागत गेलं की 012345679 हेच अंक पुन्हापुन्हा येतात, आणि तिथेही दहाचा हातचा नवावर आणि नवाचा आठावर चढलेला असतो. नव्या वर्गाची अंकबेरीज 100 हवी होती, भरते 82. संख्या विषम, बेरीज सम. भाग जाणं शक्यच नाही.