ऐकणारा कोण? गिरणगावाचे ध्वनी आणि मराठी समीक्षा

मराठी समीक्षेने महानगराचा विचार प्रामुख्याने दृश्य प्रतिमांच्या आधारे केला आहे. चाळ, गर्दी, धुराडी यांची चर्चा विपुल आढळते. ध्वनीचा उल्लेख मात्र बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ या एका शब्दात आटोपला जातो. ध्वनी म्हणजे प्रसंगामागचा पडदा, हे त्यामागील गृहीत. मुंबईच्या लालबाग-परळ परिसराच्या संदर्भात ते टिकत नाही.

गिरणीच्या भोंग्याचेच उदाहरण घेऊ. पाळीवर निघालेल्या कामगाराला तो हुकूम होता. घरातील स्त्रीला चूल आणि डबा यांचे वेळापत्रक. शाळकरी मुलाला निव्वळ घड्याळ. ध्वनी एकच, परंतु श्रमाच्या व्यवस्थेतील श्रोत्याच्या स्थानानुसार त्याचा अर्थ पालटतो. साचाखात्यात तर यंत्रांच्या अखंड कल्लोळामुळे खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून संवाद साधावा लागे. ज्याला भोंगा अचूक ऐकावा लागे, त्याचेच कान आत बधिर होत. हा अंतर्विरोध ‘वातावरण’ या संज्ञेत मावत नाही.

छापील पानावर ध्वनी नसतोच, असते ते केवळ त्याचे नाव, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. पण त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, साहित्यकृतीत आपल्याला ध्वनी नव्हे, तर कोणाचे तरी ऐकणे लाभते. म्हणून कोणता आवाज आला, यापेक्षा तो कोण आणि कोठून ऐकत आहे, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

कॅनेडियन संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात ध्वनिपरिसराची संकल्पना विस्ताराने मांडली. औद्योगिक गोंगाटात सुटे, स्पष्ट ध्वनी हरवतात, अशी त्यांची खंत आहे. गिरणगावाला हे विवेचन अपुरे पडते. तेथील रहिवाशाला गोंगाटातही भोंगा स्पष्ट ऐकू येई, कारण त्यावर त्याची रोजी अवलंबून होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढील वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यानंतरच्या शांततेला ध्वनिप्रदूषणातून सुटका कोण म्हणेल?

मर्ढेकरांनी सांगितलेल्या संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांपैकी विरोधाच्या आधारे या शांततेचे रूप वर्णिता येईल. मात्र हा विरोध जाणवतो तो भोंगा ज्याच्या स्मृतीत आहे त्यालाच. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील चाळकुटुंबाची भांडणे या दृष्टीने पुन्हा ऐकण्याजोगी आहेत. घरातला चढलेला आवाज हा तेथे केवळ स्वभावदर्शनाचा भाग राहत नाही. गिरणी मुकी झाल्यानंतरचा तो आवाज आहे.

ध्वनीला पार्श्वभूमी मानणारी समीक्षा आवाजाची नोंद तरी घेऊ शकेल. आवाज थांबल्याची नोंद तिला घेता येणार नाही. गिरणगावाच्या साहित्यात तर नेमके तेच घडले आहे.