‘हॉटेल मुंबई’ : ताजमधली आया आणि नरिमन हाऊसमधली आया

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यावरचा अँथनी मारास यांचा ‘हॉटेल मुंबई’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चित्रपट चांगला आहे, हे आधीच सांगतो. देव पटेलचा वेटर अर्जुन आणि अनुपम खेर यांचे शेफ हेमंत ओबेरॉय यांच्यामुळे, पाहुण्यांसाठी जीव धोक्यात घालणारा नोकरवर्ग कथेच्या मध्यभागी येतो. बरेचसे चित्रीकरण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला झाले, तरी पाहताना अपोलो बंदरावरचे ताजच डोळ्यांपुढे राहते.

माझी तक्रार दुसरीच आहे. चित्रपटात सॅली नावाची आया आहे. तिच्याजवळचे तान्हे बाळ रडले तर दोघांचाही जीव जाणार. बाळाला घेऊन ती कपाटात लपते, आणि आपलाही श्वास अडकतो. ही सॅली कल्पित आहे.

त्याच वेळी, ताजपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये एक खरी आया होती. सँड्रा सॅम्युएल. नावावरून आपल्यातल्या वाटतात, पण त्या ख्रिस्ती. रात्रभर त्या खाली लपून होत्या. सकाळी वरून मुलाची हाक ऐकली आणि त्या वर गेल्या. रब्बाय गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग निपचित पडले होते. दोन वर्षेही पुरी न झालेल्या मोशेला उचलून त्या बाहेर धावल्या. त्या घरात सहा माणसे मारली गेली.

दिग्दर्शकाने एकच जागा निवडली, हा त्याचा हक्क आहे. सीएसटी आणि लिओपोल्डही थोडक्यातच येतात. पण आया आणि मूल हवे होते, तर ते कल्पनेतून ताजमध्ये आणले आणि खऱ्या घरात कॅमेरा गेलाच नाही, हे मनाला लागते.

१९०३ साली उघडलेल्या ताजकडे सर्वांचेच लक्ष जाते. हल्ला संपताच मुख्यमंत्री विलासराव देशमुख तिथे गेले, तेव्हा सोबत दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. त्यावरून गदारोळ उठला आणि काही दिवसांतच देशमुखांचे पद गेले. वर्मांचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ २०१३ साली आलाच. २०१० साली अध्यक्ष ओबामा मुद्दाम ताजमध्येच उतरले. नरिमन हाऊसला पंतप्रधान नेतान्याहू मोशेला घेऊन आले, ते २०१८च्या जानेवारीत.

होल्ट्झबर्ग दांपत्य बेने इस्राएल नव्हते. सँड्राबाई तर यहुदीही नाहीत. तरी ही गोष्ट सांभाळण्याचे काम मुंबईत आपल्याकडेच येते. इस्राएलने त्यांना मानद नागरिकत्व दिले आहे. मराठीत मात्र त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले. ‘हॉटेल मुंबई’ जरूर पाहावा. तो पाहून मुले सॅलीविषयी विचारतील, तेव्हा त्यांना सँड्राबाईंचे नाव सांगावे.